कापड कुणाचं? एका ब्लॅक बुकच्या नोंदी

२६ जुलै २०२५, शनिवार

प्रकल्पाचा विषय एकदाचा मंजूर झाला. ‘दोन विकसनशील देशांच्या अर्थव्यवस्थांचा तुलनात्मक अभ्यास: बांगलादेश आणि व्हिएतनाम’. गाइड मॅडमना आधी भारत-चीन हवं होतं. मी म्हटलं, त्यावर दरवर्षी चार तरी ब्लॅक बुकं, म्हणजे काळ्या बांधणीचे प्रकल्प अहवाल, बांधली जातात आणि ती सगळी एकमेकांची सख्खी भावंडं असतात. मॅडम हसल्या. “बरं, पण मग हेच दोन का?” मी ‘वस्त्रोद्योगातील प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहून दिलं. खरं कारण असं की अठरा वर्षं मी गारमेंट एक्स्पोर्टमध्ये मर्चंडायझर आहे, म्हणजे बायर आणि कारखाना यांच्या मधला माणूस, आणि हातची ऑर्डर गेली की ती बहुतेकदा ह्या दोघांपैकी एकाच्या घरी गेलेली असते.

ही नोंदवहीसुद्धा परिशिष्टात जोडायची आहे म्हणे. म्हणजे तोंड सांभाळून लिहायला हवं. बघू.

२९ जुलै, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर रात्री दीड तास. पहिलं कोष्टक तयार. २०२४ च्या आसपास बांगलादेशची जीडीपी सुमारे ४५० अब्ज डॉलर, व्हिएतनामची सुमारे ४७६. म्हणजे एकूण ढीग जवळपास सारखाच. पण तो वाटून खाणारी माणसं तिकडे सतरा कोटींच्या वर आणि इकडे दहा कोटी. त्यातून बांगलादेशची जमीन व्हिएतनामच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं आणि शेजारच्या वन रूम किचनमध्ये पाच, असा प्रकार. दोन्ही घरांचा पगार सारखा म्हणून काय झालं?

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज अभ्यास नाही. सकाळपासून ऑफिसात एकच विषय. अमेरिकेने नवे टॅरिफ जाहीर केले: बांगलादेश २० टक्के, व्हिएतनाम २० टक्के, आपण २५. एप्रिलमध्ये व्हिएतनामला ४६ आणि बांगलादेशला ३७ सांगितले होते, तेव्हा आमचे शेठ पेढे वाटायचे बाकी होते. आता पाच टक्क्यांचा फरक उलटा पडला. शर्टाच्या धंद्यात पाच टक्के म्हणजे आख्खा नफा.

३ ऑगस्ट, रविवार

इतिहासाचं प्रकरण सुरू केलं. जागतिक बँकेच्या आकड्यांत १९९० साली व्हिएतनामची दरडोई जीडीपी शंभर डॉलरच्या आसपास आणि बांगलादेशची तीनशेच्या आसपास. वाचून खुर्चीत सरळ बसलो. पस्तीस वर्षांपूर्वी बांगलादेश तिप्पट श्रीमंत? आणि आज व्हिएतनाम ४,७०० डॉलर, बांगलादेश २,६०० च्या आसपास?

मथळा तिथल्या तिथे सुचला: ‘ससा आणि कासव’. मग जरा थंड डोक्याने खोदलं. १९८६ साली व्हिएतनाममध्ये महागाई ७०० टक्क्यांच्या वर होती. त्या डिसेंबरमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचं धोरण आलं. १९८८ मध्ये सामूहिक शेती मोडून जमीन घराघराला कसायला दिली, आणि आदल्या वर्षापर्यंत तांदूळ बाहेरून आणणारा देश १९८९ मध्ये तांदूळ विकायला लागला. त्याच वर्षी त्यांनी डाँगचा, म्हणजे आपल्या चलनाचा, कृत्रिम सरकारी दर सोडून तो बाजाराच्या पातळीला आणला. म्हणजे डाँग एका फटक्यात घसरला, आणि डॉलरमध्ये मोजलेलं उत्पन्नही त्याच्याबरोबर घसरलं. माणसं काही त्या वर्षी तेवढी गरीब झाली नव्हती. उलट पोटात भात जास्त जात होता.

ससा-कासव खोडलं. व्हिएतनाम तेव्हा गरीबच होता, पण ‘तिप्पट’ हा शब्द डॉलरच्या दराने मला दिलेला आहे, कुठल्या घरातल्या भांड्यांनी नव्हे.

५ ऑगस्ट, मंगळवार

बांगलादेशात शेख हसीना देश सोडून गेल्या त्याला आज वर्ष झालं. ढाक्यातल्या एका मर्चंडायझरशी माझी जुनी ओळख आहे, एकाच बायरचं काम केल्यामुळे. त्याला मेसेज टाकला, कसं चाललंय. उत्तर आलं: “ऑर्डर आहे, गॅस नाही.” कारखान्यांचे जनरेटर आणि बॉयलर तिकडे गॅसवर चालतात आणि गॅसचा दाब पडलेला असतो. एका ओळीत त्याने माझं ‘ऊर्जा’ हे उपप्रकरण लिहून दिलं.

१० ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस सत्कारणी लागला. बांगलादेशातल्या ‘देश गार्मेंट्स’ कंपनीची गोष्ट पूर्ण वाचली. धंद्यात इतकी वर्षं काढली पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

१९७८. नुरुल कादेर नावाचे निवृत्त सनदी अधिकारी. दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी त्यांनी करार केला. कोरियाला तेव्हा एक अडचण होती. १९७४ च्या मल्टी फायबर अरेंजमेंटखाली श्रीमंत देशांनी कुठल्या देशाने किती कपडे पाठवायचे याचा कोटा ठरवून दिला होता, आणि कोरियाचा कोटा भरत आला होता. बांगलादेशवर तेव्हा कोटाच नव्हता, कारण त्यांच्याकडे पाठवायला जवळपास काहीच नव्हतं. १९७९ मध्ये देश गार्मेंट्सचे १३० कामगार आणि सुपरवायझर पुसानच्या कारखान्यात शिकायला गेले. सहा महिने राहिले. परत आले आणि चट्टग्राममध्ये (चितगाव) कारखाना सुरू झाला. १९८० ची, पहिल्या वर्षाची कमाई: ४३,००० शर्ट, दर १.२८ डॉलर, एकूण ५५,०५० डॉलर. एवढ्या शर्टांची ऑर्डर आज आमच्याकडे आली तर शेठ ‘मीडियम’ म्हणतील.

पुढचं जास्त महत्त्वाचं. त्या १३० पैकी ११५ जण काही वर्षांत देश गार्मेंट्स सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या नजरेतून पाहिलं तर हा धुव्वा. देशाच्या नजरेतून पाहिलं तर बियाणं पसरलं.

दुसरी गोष्ट कागदाची. देश गार्मेंट्सकडे भांडवल नव्हतं, म्हणून बॅक-टू-बॅक एलसीची (एलसी म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) पद्धत बसवली: परदेशी बायरची एलसी बँकेत ठेवायची आणि तिच्या जोरावर कापडासाठी दुसरी एलसी उघडायची. शर्ट गेला, पैसे आले, कापडवाल्याचे चुकते, उरले ते आपले. जोडीला बाँडेड गोदाम, म्हणजे निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर ड्युटी नाही. स्वतःच्या खिशातला पैसा न घालता कारखाना चालवायची सोय झाली. आम्ही रोज बॅक-टू-बॅक हा शब्द चहासारखा वापरतो. त्याने एक देश उभा राहिला हे आज कळलं.

आणि आपल्याकडे त्याच काळात? तयार कपडे लघुउद्योगांसाठी राखीव. मोठा कारखाना काढायचा तर निर्यातीची मोठी अट. विणलेल्या कापडाच्या कपड्यांवरचं ते आरक्षण २००० च्या वस्त्रधोरणाने उठलं. वीस वर्षं! हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं, प्रत्येक वेळी शिवीच झाली. मॅडमसाठी सौम्य करायला हवं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी, पण ऑफिस चालू. ६ तारखेला आपल्यावर आणखी २५ टक्क्यांची भर जाहीर झालीय, २७ पासून एकूण ५०. त्याआधी निघेल तेवढा माल काढायचा म्हणून सगळे कारखान्यात. रात्री अकराला घरी.

१७ ऑगस्ट, रविवार

बाबांना दोन शर्ट दाखवले. एक मी गेल्या वर्षी मॉलमधून घेतलेला, लेबलवर ‘मेड इन बांगलादेश’. दुसरा बायरकडून आलेला सॅम्पल, ‘मेड इन व्हिएतनाम’. मी उलटे करून शिवण दाखवत होतो. बघा बाबा, काखेतली शिलाई किती सरळ, इंचाला टाके किती, कॉलरच्या टोकाला कापड कुठे फुगलेलं नाही. बाबा १९८२ च्या गिरणी संपापर्यंत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती त्या चट्टग्रामच्या पहिल्या शर्टांना. त्यांनी शिवणीकडे बघितलंच नाही. कापड दोन बोटांत धरून चोळलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि विचारलं,

“आणि कापड खयचा?”

मी म्हटलं, व्हिएतनामचं बरंचसं चीनमधून येतं. बांगलादेशचं वोव्हन कापडही बरंच चीनमधून. होजिअरीचं मात्र ते स्वतः करतात, सूत आपल्याकडूनसुद्धा जातं.

“सूत दुसऱ्याचा, मशीन दुसऱ्याचा, मगे नफो कोणाचो?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण टक्केवारीत. ते ऐकायला बाबा थांबले नाहीत, परवाच्या गाडीने गावी जायचंय, बॅग भरायची होती.

पण हा प्रश्न म्हणजे माझ्या सबंध तिसऱ्या प्रकरणाची उलटतपासणी आहे. मी आतापर्यंत निर्यातीचा आकडा हीच ताकद धरून चाललो होतो. व्हिएतनामची २०२४ ची निर्यात ४०५ अब्ज डॉलर. बांगलादेशची २०२४-२५ ची ४८. आठपटीहून जास्त. पण व्हिएतनामने त्याच वर्षी ३८० अब्ज डॉलरचा माल बाहेरून आणलाही. आमच्या शर्टाच्या कॉस्टिंगमध्ये निम्म्याहून जास्त रक्कम कापडाची असते. ५८ इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर कापड, धागा, बटणं, कॉलरचं कॅनव्हास. शिलाईची मजुरी शेवटी चिमूटभर. एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतच्या, किमतीकडे बघून कारखाना श्रीमंत म्हणायचं असेल तर सोनाराकडे काम करणारा कारागीर कोट्यधीशच.

नवा रकाना: ‘घरात किती राहिलं’.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल रात्रीपासून पाऊस थांबायचं नाव नाही. रेड अलर्ट, ऑफिसांना सुट्टी. सीएसएमटी ते ठाणे लोकल बंद. बाबांची गाडी निघेल का ही धाकधूक, शेवटी त्यांनी जाणं दोन दिवस पुढे ढकललं. चाळीच्या जिन्याखाली पाणी. घरी बसून आकडे.

आणि आजच घोळ सापडला. बांगलादेशच्या निर्यातीची माझ्या कोष्टकातली जुनी ओळ म्हणते, २०२२-२३ मध्ये ५५ अब्ज डॉलरहून जास्त. नवी ओळ म्हणते २०२४-२५ मध्ये ४८. मी गेले पंधरा दिवस ‘निर्यातीतील तीव्र घसरण’ असा परिच्छेद बाळगून होतो, कारणांसकट. अशी घसरण झालेलीच नाही. जुलै २०२४ मध्ये बांगलादेश बँकेने हिशोब दुरुस्त केला, तेव्हा कळलं की निर्यात प्रोत्साहन कार्यालयाच्या आकड्यांत एकच माल दोनदा मोजला जात होता. २०२३-२४ च्या नुसत्या पहिल्या दहा महिन्यांत फरक सुमारे १४ अब्ज डॉलरचा. माझी जुनी ओळ दुरुस्तीआधीची, नवी ओळ नंतरची. दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी एकाच मुलाची उंची मोजून तो बुटका झाला म्हणण्यासारखं.

परिच्छेद उडवला. कारणं फार छान लिहिली होती, याचंच जास्त वाईट वाटलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमना फोन केला, घाबरत. त्या म्हणाल्या, “अहो, चूक सापडली हे उत्तमच. ती प्रकरणात लिहा, लपवू नका. आणि दरडोईचं कोष्टकसुद्धा परत बघा, मला त्यात काहीतरी खटकतंय.”

बघितलं. खटकायलाच हवं होतं. बांगलादेशच्या सांख्यिकी कार्यालयाचा २,८२० डॉलर हा आकडा मी व्हिएतनामच्या ४,७०० शेजारी ठेवला होता. पण २,८२० हे दरडोई राष्ट्रीय उत्पन्न आहे, परदेशातल्या कमाईसकट, आणि वर्ष जुलै ते जून. ४,७०० ही दरडोई जीडीपी, वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. तीन देश, तीन कॅलेंडरं. आता प्रत्येक आकड्याखाली वर्ष कुठून कुठे ते बारीक अक्षरात लिहितोय. पानं कुरूप दिसतात.

२४ ऑगस्ट, रविवार

बंदरांचं पान झालं. छोटं आहे पण माझ्या आवडीचं. चट्टग्राम कर्णफुली नदीवर आहे. भरती-ओहोटीचं बंदर, खोली कमी, मोठी जहाजं आत येत नाहीत. लहान फीडर बोटीने माल कोलंबो किंवा सिंगापूरला न्यायचा, तिथे मोठ्या जहाजावर चढवायचा. व्हिएतनामच्या काय मेपला मोठं जहाज थेट धक्क्याला लागतं आणि थेट अमेरिकेला निघतं. बायरच्या भाषेत हा लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल पोचेपर्यंतचा वेळ. कापड थोडं महाग पडलं तरी चालेल, पण सीझन चुकला तर तो माल सेलमध्येच जातो. माताबाडीला खोल समुद्रातलं बंदर बांधायला घेतलंय, ते झालं की हा परिच्छेद बदलावा लागेल.

आपला संबंध असा की १७ मेपासून बांगलादेशचे तयार कपडे भारतात जमिनीवरच्या कुठल्याच नाक्यावरून येऊ शकत नाहीत. फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा. त्याआधी एप्रिलमध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरून घेणं बंद केलं होतं. पेट्रापोलवरून ट्रकने पलीकडून येणारा शर्ट आता बोटीत बसून आख्ख्या हिंदुस्थानला वळसा घालून आमच्या खाडीपलीकडे उतरतो. दोन शेजाऱ्यांनी दारं बंद करून खिडकीतून उसनवारी चालवली आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच गणपतीला गावी गेलो नाही. आजपासून ५० टक्के लागू. काल रात्रीपर्यंत कंटेनर भरत होतो.

सकाळी आरती व्हिडिओ कॉलवर. खाली लालबागची गर्दी, ढोल, आणि मोबाइलवर बायरचा ईमेल: स्प्रिंगची ऑर्डर ‘होल्ड’. आमच्या भाषेत होल्ड म्हणजे मयताची बातमी हळूहळू सांगणं. संध्याकाळी ढाक्यातल्या त्या मित्राचा मेसेज आला. गणपतीच्या शुभेच्छा, आणि खाली, जरा अवघडून, की त्याच बायरची चौकशी त्याच्याकडे आलीय, सहा स्टाइल्स. त्याने न सांगताही भागलं असतं. मी मोदकाचा फोटो पाठवला.

३० ऑगस्ट, शनिवार

लिहायचा कंटाळा. तरी मजुरीचं कोष्टक टाकलं. बांगलादेशात गारमेंटचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून १२,५०० टाका, आजच्या दराने साधारण १०२ डॉलर. व्हिएतनामच्या सगळ्यात महाग विभागात ४९ लाख ६० हजार डाँग, साधारण १९० डॉलर. जवळपास दुप्पट मजुरी देऊनही व्हिएतनाम टिकतो. आठ हजारांवरून साडेबारा हजारांवर यायला बांगलादेशी कामगारांना पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत टाका ८५ वरून ११० वर घसरला. मालकाला डॉलरमध्ये ती वाढ तेवढी जाणवली नसेल. कामगार बाईला मात्र टाक्याची घसरण बाजारात तांदूळ घेताना जाणवली असेल.

शिक्षणाचं पानही आजच उरकलं. २०१२ च्या पिसा चाचणीत, म्हणजे देशोदेशींच्या मुलांची तुलना करणाऱ्या परीक्षेत, व्हिएतनामची पंधरा वर्षांची मुलं पहिल्यांदाच बसली आणि गणितात अमेरिकेच्या मुलांच्या पुढे गेली. दुप्पट मजुरीचं अर्धं उत्तर ह्यात आहे असं मला वाटतं. बाकीचं अर्धं यंत्रांत: सॅमसंगचा पहिला फोन कारखाना २००९ मध्ये बाक निन्हला सुरू झाला आणि आज कंपनीचे जवळपास निम्मे फोन त्या देशात जुळतात. शर्ट तिकडे आता निर्यातीतला धाकटा भाऊ. बांगलादेशात शर्ट-टीशर्ट-स्वेटर म्हणजे निर्यातीचे ८० टक्के. सगळी अंडी एका टोपलीत, आणि टोपलीही बायरची.

ढाक्याजवळच्या साभारमधल्या राणा प्लाझाचं पान गेल्या आठवड्यातच लिहिलं होतं. २४ एप्रिल २०१३, इमारत कोसळून ११३४ मृत. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, खालच्या मजल्यावरची बँक रिकामी केली होती, आणि वरच्या कारखान्यांत मुलींना कामावर यायला लावलं. ह्या पानावर मी तुलना केली नाही. मॅडमनी समासात ‘इथे व्हिएतनाम?’ लिहिलंय. नाही टाकणार.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. आज बाबा गावाहून परतले. बॅगेतला खाऊ ठेवायला त्यांची जुनी पेटी उघडली तर तळाशी मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. १५० रुपये, फेब्रुवारी १९८१. १५० रुपये, मार्च. एप्रिलला २००, लग्न होतं कुणाचंतरी. सगळ्या आजीच्या नावावर, पोस्टाचे शिक्के निळे पडलेले. संपाच्या वर्षाची एकच, पंचवीस रुपयांची.

मी गठ्ठा हातात धरून बसलो आणि माझा ‘घरात किती राहिलं’ हा रकाना आठवला. त्यात मी एक गोष्ट धरलीच नव्हती.

हिशोब असा, ढोबळ. बांगलादेशची गारमेंट निर्यात २०२४-२५ मध्ये ३९ अब्ज डॉलर. बांगलादेश बँक दर तिमाहीला त्यातून कापूस, सूत, कापड वगैरेची आयात वजा करून दाखवते, मागे साठ टक्क्यांच्या आसपास राहतं. म्हणजे २३-२४ अब्ज. आणि त्याच वर्षी सौदी, अमिराती, मलेशिया, अमेरिका, इंग्लंडमधल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे: ३० अब्ज डॉलर. त्यात कापड कुणाचं हा प्रश्नच नाही. माणूसच आपला.

म्हणजे ज्या देशाला आम्ही धंद्यातले लोक शर्टांचा देश म्हणतो, त्याच्या घरात शर्टापेक्षा मनीऑर्डरीतून जास्त राहतं. आपण कोकणाला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणून नाक मुरडत आलो. बांगलादेशातले नोआखाली आणि सिल्हेट म्हणजे मोठी कणकवलीच.

व्हिएतनामचं गणित उलट्या बाजूने करावं लागतं. ४०५ अब्जांपैकी देशात तयार झालेलं मूल्य निम्म्याच्या आसपास. तरी २०० अब्ज म्हणजे प्रचंडच. पण निर्यातीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांतून जातो, आणि त्या निम्म्यातल्याही नफ्याचा काही भाग जातो कोरियाकडे. म्हणून व्हिएतनामचं राष्ट्रीय उत्पन्न त्याच्या जीडीपीपेक्षा कमी भरतं, आणि बांगलादेशचं जास्त. एकाकडे कारखाने परक्यांचे आणि माणसं घरी. दुसऱ्याकडे कारखाने बऱ्यापैकी घरचे आणि माणसं परक्यांकडे.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेन ठेवलं आणि चहा केला. फार गुळगुळीत झालंय का? बहुतेक. दोन्हीकडच्या माणसांना मध्ये आणलं तर गुळगुळीतपणा जाईल: बाक निन्हच्या वसतिगृहात राहून फोन जुळवणारी मुलगीसुद्धा गावी पैसेच पाठवते. आणि सौदीत गेलेल्या बांगलादेशी पोराने जाताना दलालाला दिलेले पैसे फेडायला एक-दोन वर्षं जातात, ते तीस अब्जांत कुठे दिसत नाहीत. वाक्य ठेवलं, खाली ह्या दोन ओळी जोडल्या.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “मगे? ह्या काय नवीन?”

१४ सप्टेंबर, रविवार

बँकांचं आणि करांचं पान, घाईत. बांगलादेशात सरकारला कर मिळतो जीडीपीच्या सात-आठ टक्के, व्हिएतनामला त्याच्या दुपटीहून जास्त. रस्ता, शाळा, वीज सगळ्याचं मूळ इथे असावं. डिसेंबर २०२४ अखेर बांगलादेशी बँकांनी कर्जाऊ दिलेल्या दर पाच टाक्यांतला एक टाका बुडीत खात्यात. व्हिएतनामही धुतल्या तांदळाचा नाही: एका बिल्डर बाईंनी सायगॉन कमर्शियल बँक आतून पोखरली, एप्रिल २०२४ मध्ये कोर्टाने मृत्युदंड सुनावला.

पुढच्या वर्षाचं एक: बांगलादेश १९७५ पासून अल्पविकसित देशांच्या यादीत आहे, ठरल्याप्रमाणे २४ नोव्हेंबर २०२६ ला त्यातून बाहेर. वर्गात पास झाल्यावर फी माफी बंद होते तसं. युरोपातली ड्युटी-माफी पुढे आणखी तीन वर्षं, मग संपेल. व्हिएतनामने युरोपशी स्वतःचा करार आधीच करून ठेवलाय, १ ऑगस्ट २०२० पासून लागू. पासही तोच आणि क्लासही त्यानेच आधी लावलेला.

२० सप्टेंबर, शनिवार

मॅडमकडे अंतिम मसुदा. दीड तास बसलो. निष्कर्षाच्या प्रकरणात मी ‘व्हिएतनाम सरस’ असं ठळक लिहिलं होतं जुलैमध्ये, ते तसंच राहून गेलेलं. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मी पेनने काट मारली. मग त्या म्हणाल्या, “नाही, काटू नका. सरस आहेच की. फक्त कशात, ते लिहा.” म्हणून लिहिलं: मजुरीत, शाळेत, बंदरात, करात सरस, मालकीत नाही. मला विचाराल तर मालकी हा छोटा मुद्दा नाही, पण मी गिरणगावातला, माझं मत कुठून येतं ते मला ठाऊक आहे.

मनीऑर्डरचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. “पावतीचा फोटो टाका परिशिष्टात.” आजीचं नाव झाकून टाकणार.

२७ सप्टेंबर, शनिवार

झेरॉक्सवाल्याकडे बांधायला टाकलं. तीन प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. ‘व्हिएतनाम’ मध्ये त्याने ‘व्हियेतनाम’ टाइप केलं होतं, बरं झालं उभा राहून तपासलं.

दुपारी ऑफिसात बायरचं पार्सल. होल्डवरच्या सहा स्टाइल्सपैकी दोन परत आमच्याकडे काउंटर कोटसाठी, सोबत नमुन्याचा शर्ट. लेबल: मेड इन बांगलादेश. ढाक्यातल्या मित्राने हाच बनवला असेल का, विचारलं नाही. धंद्यात विचारू नये.

शर्ट घरी नेला. बाबांनी चष्मा लावला, कापड उजेडात धरलं.

“पॉपलीन. चाळीस काउंट असात.”

“सूत कुठलं?”

“ता कापड कशाक सांगतला?”

सोमवारी सकाळी अकरापर्यंत कोट पाठवायचा आहे. पावणेदोन मीटरचं १.६८ वर येतंय का, कापडावर तुकडे बसवणाऱ्या मार्करवाल्याला आजच विचारतो.